अण्णांची वही, नरसाळं आणि बाकीची अडगळ

गावभागातला | शनिवार, रात्री १०.४०

यंदा संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी आमचे अण्णा गेले. माझे आजोबा. वय ९२. दात शेवटपर्यंत स्वतःचे, चष्मा फक्त वाचायला, आणि वाद घालायला चोवीस तास तयार. त्यामुळे रडारड फार झाली नाही. तेराव्याला जमलेल्या लोकांनी एवढे किस्से सांगितले, की शेजारच्यांना वाटलं बारसं आहे.

आता सांगलीचं गावभागातलं घर विकलंय. पावसाळ्याआधी रिकामं करून द्यायचं आहे. माडीवरची अण्णांची खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. ("पुण्यात शनिवार-रविवार करतोस काय?" इति आत्या.) तीन शनिवार झाले, खोली आहे तिथंच आहे. उलट चौथ्या शनिवारी मी घरून रिकाम्या पिशव्या आणल्या त्यासुद्धा त्या खोलीत हरवल्या.

अण्णा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. पगार बेताचा, छंद सावकाराचे. आज दिवसभरात काय काय निघालं ते लिहितो. शेवटी एक प्रश्न आहे, पण तिथं पोचेपर्यंत धीर धरा.

मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. चालत नाही. त्याच्याबरोबर पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक, दर वर्षीचे शिक्के मारलेलं. आणि एका बिस्किटाच्या डब्यात ११४ रंगीत कार्डं: रेडिओ नेदरलँड, रेडिओ ऑस्ट्रेलिया, जपान, जर्मनी. अण्णांना इंग्रजी जेमतेम. पण परदेशी स्टेशन लागलं की वेळ, मीटर, आवाज कसा येतोय हे लिहून पत्र धाडायचे आणि तिकडून कार्ड यायचं. लहानपणी मला वाटायचं अण्णांचे सगळ्या जगात नातेवाईक आहेत.

पेटी. भाता फाटलाय, काळी चारचा सूर अडकतो. अण्णांना पेटीवर दोनच गोष्टी वाजवता यायच्या, पैकी एक राष्ट्रगीत. मिरज पाच-सहा मैलांवर, तिथं तंबोरे-सतारी करणाऱ्यांची आख्खी गल्ली. अण्णा सायकलवरून तिकडं जाऊन बसायचे, भोपळा कसा कापतात, जवारी (तारेचा घुमारा) कशी काढतात ते बघायचे, आणि घरी येऊन आमच्या पेटीत काहीतरी खुपसायचे. पेटी मेली ती वाजवून नाही, दुरुस्तीनं.

टपालानं बुद्धिबळ. इचलकरंजीचे एक मास्तर आणि अण्णा. एक डाव सव्वा वर्ष चालला. पंधरा पैशांच्या कार्डावर एक चाल आणि खाली हवापाण्याची चौकशी. कार्ड उघडंच असणार, त्यामुळे पोस्टमन दारातूनच ओरडायचा, "अण्णा, घोडा गेला ओ तुमचा!" पुढं पुढं तो सल्लाही द्यायला लागला. अण्णांचं म्हणणं, तो डाव ते पोस्टमनमुळे हरले.

गुलाब. रानगुलाबाच्या खुंटावर डोळे भरायचे, म्हणजे कलमं करायचे. दहातले तीन जगायचे. बाकीच्या सातांचं खापर आजीच्या धुण्याच्या पाण्यावर.

लंबकाचं घड्याळ, दर रविवारी चावी. ते कोणाला लावू द्यायचे नाहीत. मला एकदा दिलं होतं, माझ्या मुंजीच्या वर्षी, आणि मी उलटी फिरवली. तो विषय अजून निघतो.

आणि हे सगळं बाजूला ठेवून ज्याबद्दल लिहायला बसलो ती गोष्ट, पावसाची वही.

जून १९६२ पासून अण्णांनी रोजचा पाऊस लिहून ठेवलाय. रोजचा. सकाळी साडेआठला. आधी इंच-सेंटमध्ये, मग मिलिमीटरमध्ये. पितळेचं एक नरसाळं, त्याखाली बाटली आणि औषधाच्या दुकानातला मापाचा ग्लास. पुढच्या रकान्यात कृष्णेची आयर्विन पुलाशी पातळी, फुटात. त्यापुढं शेरा. बहुतेक शेरा रिकामा. कधी "गारा." कधी "बेंदूर." कधी "शेठजी रागावले."

सुरुवात छंद म्हणून झालीच नव्हती. हळद तेव्हा हरिपूरला पेवांत साठवायची. बाहेरच्यांसाठी: पेव म्हणजे जमिनीतला खोल रांजणासारखा खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. 'पेव फुटणे' म्हणतो ना आपण, ते हेच पेव. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, पण पाणी शिरलं की संपलं. हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर. त्यामुळे पेढीवरच्या माणसाचा एक डोळा आकाशाकडे आणि एक पुलाकडे. शेठजींनी सांगितलं, पावसाचं टिपण ठेवत जा. शेठजी गेले, पेढी बंद पडली, अण्णा निवृत्त झाले, टिपण चालूच.

पाऊस नसला तरी ० लिहायचा. १९७२ ची वही उघडली तर पानंच्या पानं शून्यं. दुष्काळाचे आकडे शाळेत वाचले होते, पण एका माणसानं रोज सकाळी उठून, जिना उतरून, कोरडी बाटली बघून लिहिलेलं शून्य वेगळं दिसतं.

११ डिसेंबर १९६७ चं पान इथं उतरवतो: "० मिमी. पहाटे धरणीकंप. घड्याळ थांबले ४-२१. भिंतीस चीर." कोयनेचा भूकंप. अण्णांनी ते घड्याळ दोन दिवस तसंच ठेवलं होतं म्हणे, आल्या-गेल्याला दाखवायला.

आता प्रश्न. एकूण २३ वह्या आहेत. वरच्या फळीवरच्या उत्तम आहेत. पण १९७९ ते १९९३ च्या सहा वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या आणि २०१९ च्या पुरात बुडाल्या. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५). २००५ च्या पुराची खूण अण्णांनी भिंतीवर करून ठेवली होती, ती पाण्याखाली गेली. आम्ही त्यांना माडीच्या खिडकीतून बोटीत घेतलं. ८७ वर्षांचा माणूस, पोटाशी प्लास्टिकची पिशवी. आम्हाला वाटलं औषधं. पिशवीत चालू वही आणि नरसाळं होतं. औषधं घरात.

त्या सहा वह्या पाणी उतरल्यावर तशाच वाळल्या. आता पापडाच्या लाटीसारख्या चिकटल्यात. काका म्हणतात रद्दीत टाक, रद्दीवालाही घेणार नाही. काय करू?

खडीसाखर | शनिवार, रात्री ११.१५

डोळ्यांत पाणी आलं हो. बोटीतलं वाचून तर. माझे आजोबा अडकित्ते जमवायचे, त्यांची आठवण झाली. टाकू नका काही.

टवाळ | शनिवार, रात्री ११.३२

पोस्टमनला दंडवत. राष्ट्रगीताव्यतिरिक्त दुसरी गोष्ट कोणती ते सांगा, त्याशिवाय झोप येणार नाही.

गावभागातला | शनिवार, रात्री ११.५०

@टवाळ, 'सुखकर्ता'. पण त्यातही शेवटचा "जय देव" काळी चारवर यायचा, तिथं सूर अडकून भोंगा व्हायचा. गणपतीत आख्खी आळी त्या भोंग्याची वाट बघायची.

मीटरबँड | रविवार, सकाळी ७.०५

पहाटे उठून धागा वाचला आणि चहा गार झाला. ती कार्डं क्यूएसएल कार्डं. कृपा करून विकू नका, वाटू नका. आमच्या घरीही होती, आईनं १९९८ च्या दिवाळीच्या साफसफाईत टाकली. त्यावर आम्ही अजून बोलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शॉर्टवेव्हवर लांबचं स्टेशन ऐकायचं आणि त्यांना रिपोर्ट पाठवायचा. नुसतं "ऐकलं, छान होतं" चालत नाही. तारीख, जागतिक वेळ, कुठल्या मीटरवर, काय कार्यक्रम होता, आणि पाच आकडे. पहिला आकडा आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या स्टेशनच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज वरखाली होण्याचा, पाचवा एकूण कसं ऐकू आलं त्याचा. प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे इंग्रजी जेमतेम असलं तरी आकड्यांत काम भागतं. दिवाणजींना हे का जमलं ते कळलं ना? तिकडचे इंजिनिअर आपला कार्यक्रम सांगलीपर्यंत पोचतो का हे असल्याच पत्रांवरून ताडायचे, आणि आभाराचं कार्ड पाठवायचे.

रेडिओ नेदरलँडचं शॉर्टवेव्ह २०१२ ला बंद झालं, ऑस्ट्रेलियाचं २०१७ ला. त्यांचं नवीन कार्ड आता येणार नाही.

रेडिओ चालत नाही म्हणता, तर थेट प्लग लावू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या सेटमधले कपॅसिटर सुकलेले असतात, धूर निघेल. जाणकाराला दाखवा. आणि काट्याच्या काचेवर बघा, २५ आणि ४१ मीटरपाशी काच जास्त घासलेली असणार. रेडिओ सिलोन तिथं लागायचं. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमालेसाठी आख्खा हिंदुस्थान त्याच जागी काटा नेऊन थांबायचा.

गावभागातला | रविवार, सकाळी ९.२०

@मीटरबँड, बघितलं. ४१ पाशी काचेवर पांढरट चट्टा आहे. मी तो पुसायचा प्रयत्न केला होता काल. सॉरी अण्णा.

घाटमाथा | रविवार, सकाळी ११.४०

मी जलसंपदातला, निवृत्त. पावसाचे आकडे ही माझी भाकरी होती, म्हणून लिहितो.

साडेआठची वेळ मनाची नाही. हवामान खातं आदल्या दिवशी साडेआठ ते आज साडेआठ असाच पाऊस धरतं. म्हणजे तुमच्या आजोबांना कोणीतरी नीट सांगितलं होतं. ओव्हरसियर मित्र वगैरे असणार.

दुसरं, ते नरसाळं. मोजून सांगा, आतल्या कडेपासून कडेपर्यंत. माझा अंदाज ११.३ सेंटीमीटर. कारण तेवढ्या व्यासाला तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंटीमीटर येतं. मग १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत १० मिलिलिटर पाणी. औषधाच्या ग्लासानं मोजायचं आणि एक शून्य कमी करायचं. गुणाकार-भागाकार काही नाही.

तिसरं. शून्य लिहिणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. रिकामी जागा सोडली तर पाऊस पडला नाही की मोजला नाही हे पुढच्याला कळत नाही. आमच्या पगारी माणसांना हे शिकवताना माझे केस गेले.

गावभागातला | रविवार, दुपारी १२.१०

११.३!!! पट्टीनं मोजलं, मग वहिनीच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. काठावर आतून एक कानस मारल्याची खूण आहे. म्हणजे कासारानं जरा कमी केलं होतं आणि अण्णांनी घासून बरोबर केलं.

रानजाई | रविवार, दुपारी ३.३०

छान लिहिलंय. नरसाळ्याचा भाग फारच.

एक खटकलं म्हणून विचारते, राग मानू नका. एवढ्या मोठ्या लेखात आजी एकदाच येते, धुणं धुताना, आणि तेही सात गुलाब मारायला. त्या काय करत होत्या? पाच-सहा छंदवाला नवरा, बेताचा पगार, नदीकाठचं गाव. आमच्याकडेही एक छांदिष्ट आजोबा होते. सगळे त्यांचं कौतुक करायचे. त्यांनी जमवलेल्या दगडांवरची धूळ पंचेचाळीस वर्षं आमची आजी पुसत होती.

टवाळ | रविवार, दुपारी ३.४१

आला आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गावभागातला | रविवार, दुपारी ४.२५

@रानजाई, धागा अण्णांवर आहे, म्हणून अण्णांबद्दल लिहिलं. आजी २०११ ला गेली. शांत होती, कामात असायची. तिच्यावर अण्णांनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. प्रत्येक आठवणीत हिशेब मांडायलाच हवा का?

रानजाई | रविवार, सायंकाळी ५.०२

हिशेब नाही हो. कुतूहल. आता विषय काढलाच आहे तर अजून एक. तुम्हीच लिहिलंय की आजोबा अडतीवर दिवाणजी. सकाळी साडेआठला दिवाणजी पेढीवर नको का?

घाटमाथा | रविवार, सायंकाळी ५.३०

मुद्दा बिनतोड आहे. मलाही सुचायला हवा होता. हळदीचे सौदे सकाळीच निघतात.

गावभागातला | रविवार, सायंकाळी ६.१५

मी माझ्या डोळ्यांनी अण्णांना साडेआठला अंगणात बघितलंय. छत्री, लुंगी, हातात ग्लास डोळ्यांसमोर धरलेला. शेजारचे भिंतीपलीकडून "किती पडला ओ रात्री?" विचारायचे आणि अण्णा उगाच थोडं थांबून आकडा सांगायचे.

पण हेही खरं की माझा जन्म १९८६ चा आणि अण्णा निवृत्त झाले १९९१ ला.

बघतो.

कागदवाली | सोमवार, सकाळी १०.१०

उशिरा आले. वर काय पेटलंय त्यात पडत नाही, चिकटलेल्या वह्यांचं सांगते. जुने कागद दुरुस्त करण्याचं थोडंफार काम केलंय.

उन्हात ठेवू नका. ओढून उघडू नका. आधी मोकळ्या हवेत, तोंडाला फडकं बांधून, वरची बुरशी मऊ ब्रशनं झाडा. मग एका मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाला ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर वही. पाणी वहीला लागता कामा नये, नुसती दमट हवा लागली पाहिजे. काही तासांनी कडा सैल पडतात. मग लोणी लावायच्या बोथट सुरीनं कोपऱ्यापासून एकेक पान सुटतं का बघा. सुटलेल्या प्रत्येक पानामागं टीपकागद. न सुटलं तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी. प्रत्येक पान सुटल्याबरोबर फोटो काढा.

एक मात्र मन घट्ट करा. आजोबा शाईच्या पेननं लिहायचे ना? त्या निळ्या शाया पाण्यात विरघळतात. पानं सुटली तरी वाचायला काही उरलं नसेल. पेन्सिल असेल तर मात्र जशीच्या तशी असते. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते पाण्याला दाद देत नाही.

गावभागातला | सोमवार, सकाळी १०.४०

शाईच. अण्णांचा नियम होता, वहीत फक्त शाई. पेन्सिल पुसली जाते म्हणायचे. तरी करून बघतो. वह्या पुण्याला घेऊन आलोय.

डोळेभरणी | मंगळवार, रात्री ९.१५

अवांतर होतंय, पण गुलाबावर कोणीच बोललं नाही. दहात तीन हा काही फार वाईट निकाल नाही, घरच्या माणसाला. डोळा भरताना खुंटाची साल सुटत असली पाहिजे, झाड रसावर पाहिजे. टी आकाराचा काप, डोळ्याची ढलपी आत सरकवायची, वरून पट्टी घट्ट, पण डोळा उघडा. त्यात पाणी गेलं की डोळा काळा पडतो. म्हणजे धुण्याचं पाणी उडत असेल तर आजोबांचा आरोप अगदीच खोटा नव्हे. :) अंगणात अजून एखादा जुना खुंट उभा असेल तर घर देण्याआधी काडी कापून घ्या. काड्या ऑक्टोबरच्या छाटणीतल्या चांगल्या, पण तोवर घर राहणार नाही. आता घेतल्या तर दहातली एक लागेल.

खडीसाखर | शुक्रवार, रात्री १०.००

वह्यांचं काय झालं?

गावभागातला | रविवार, रात्री ११.२०

सात दिवस लागले. घरात ब्रेडचा डबा, दळणाचा डबा आणि मुलाचा खेळण्यांचा डबा कामाला लागलाय. १९८० ची वही सगळ्यात आधी सुटली, म्हणून तिच्याबद्दलच सांगतो.

कागदवाली म्हणाल्या तसंच झालंय. शाई पसरून पानंच्या पानं आकाशी झालीत. पण पहिलं पान दिव्याखाली धरलं आणि थांबलो. आकाशी डागाच्या आत करडे आकडे दिसतायत. बारीक, तिरके, स्वच्छ. आधी वाटलं मागच्या पानाचे उमटलेत. मग ओळीनं वाचत गेलो.

आकडा. आकडा. आकडा. आकडा. आकडा. आकडा. नुसता डाग. परत सहा आकडे, परत डाग. पुढचं पान तसंच. भिंगानं तारखा लावल्या. ते डाग म्हणजे रविवार.

रात्री अकराला कोल्हापूरला आत्याला फोन केला. झोपेतून उठवलं. तिचं बोलणं तसंच उतरवतो:

"अरे, अण्णा पावणेआठला सायकल काढायचे. साडेआठला घरात असणार कोण? आम्ही पोरं शाळेत. आईच मोजायची. पोळ्यांचा तवा उतरवून जायची, कधी कधी पीठाचा हात तसाच. वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवायची. रात्री जेवण झालं की अण्णा पेन काढायचे आणि तिच्या आकड्यावरनं गिरवायचे. रविवारी तेवढे स्वतः मोजायचे. का म्हणजे? पेन्सिल पुसली जाते म्हणून. तुला माहीत नव्हतं? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

मी तिला सांगितलं पुरात काय झालं ते. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी पण असलं..." आणि फोन ठेवला.

एका ओळीवर डाग अजिबात नाही, म्हणजे कोणी गिरवलीच नाही. १६ फेब्रुवारी १९८०. खग्रास सूर्यग्रहण. अण्णा मित्रांबरोबर मिरजेहून मीटरगेजच्या गाडीनं हुबळीला आणि तिथून एसटीनं कारवारजवळच्या अंकोल्याला गेले होते, वेल्डिंगची काच घेऊन. तो किस्सा आमच्या घरात शंभरदा सांगून झालाय. भर दुपारी तारे दिसले, लोक समुद्रात उभे होते, अण्णांची चप्पल वाळूत हरवली. घरी काय झालं हे कोणी विचारलंच नव्हतं. ती ओळ अशी आहे:

"० मिमी. हे अंकोल्यास. दुपारी अंधारून आले. कोंबड्या खुराड्यात गेल्या. मी गच्चीवर जाऊन पाहिले, काचेतून नाही, परातीतल्या पाण्यात."

सांगलीला तेव्हा खग्रास नव्हतं, खंडग्रासच, पण बरंच मोठं. आजी ग्रहणात गच्चीवर गेली होती! आमच्या आजीनं ग्रहणात कधी पाणी प्यालेलं मी बघितलं नव्हतं.

@रानजाई, मी तुमच्यावर चिडलो होतो. ते मागं घेतो.

रानजाई | रविवार, रात्री ११.५८

मागं घ्यायचं काही नाही. मला आत्या आवडल्या. "त्यात सांगण्यासारखं काय आहे" हे आमच्या आजीचंही वाक्य.

परातीतलं बिंब मात्र डोळ्यांना घातक, हे लहान मुलं वाचत असतील तर म्हणून.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ६.४०

रात्री दोनदा वाचलं. बुडालेल्या बाकी वह्यांतही आठवड्यातले सहा दिवस मिळतील असं दिसतंय. कोरड्या वह्यांतही बघा. विजेरी पानाला जवळजवळ आडवी धरा, म्हणजे प्रकाश कागदावरून घसरत जाईल. शाईखाली पेन्सिल असेल तर ग्राफाइट चकाकतं.

गावभागातला | मंगळवार, रात्री १०.३०

केलं. चकाकतं. आख्खं १९७२. ती शून्यंसुद्धा तिचीच. वर मी लिहिलंय ना, "एका माणसानं रोज सकाळी उठून, जिना उतरून". संपादन करून ते वाक्य बदलणार होतो, पण राहू दे, खालचं वाचून लोकांना कळेल.

भूकंपाची ओळही बघितली. ११ डिसेंबर १९६७ ला सोमवार होता. "० मिमी" खाली पेन्सिल आहे. "पहाटे धरणीकंप, घड्याळ थांबले ४-२१" याखाली काही नाही, ते सगळं अण्णांचं. भिंतीला चीर पडलेली, पहाटे चारपासून आख्खी आळी रस्त्यावर, आणि साडेआठला ही बाई अंगणात जाऊन बाटली बघून आली.

१९९१ च्या जूननंतर करडे आकडे थांबतात. अण्णा निवृत्त झाले. तिथून पुढं सगळे डाग.

मीटरबँड | मंगळवार, रात्री ११.०५

एक विचारू का? त्या ११४ कार्डांच्या रिपोर्टांच्या नकला असतील डब्यात, तर अक्षर बघा.

गावभागातला | बुधवार, सकाळी ८.००

बघितलं. ते अण्णांचंच. सगळं अण्णांचं, स्पेलिंगच्या चुकांसकट. एवढं तरी राहू द्या माणसाचं.

टवाळ | बुधवार, सकाळी ८.१२

पेटीही त्यांचीच. त्याबद्दल कोणाचा दावा नसणार.

गावभागातला | १४ जून, सकाळी ९.५०

शेवटचं कळवतो. घर परवा दिलं. घड्याळ काकांकडे गेलं, चावी लावायचं प्रात्यक्षिक दिलं त्यांनी मला, मुद्दाम. पेटी मिरजेला दुरुस्तीला टाकलीय. कारागीर आत बघून म्हणाला, "हे कुणी केलंय?" कार्डं आणि वह्या माझ्याकडे. गुलाबाच्या दहा काड्या आणल्या होत्या, दोन हिरव्या आहेत.

नरसाळं इथं सोसायटीच्या गच्चीवर लावलंय. घाटमाथांनी फोनवर तासभर बौद्धिक घेतलं, की जमिनीपासून फूटभर उंचीवर हवं, भिंतीपासून भिंतीच्या दुप्पट लांब हवं, गच्चीवर वाऱ्यानं पाऊस कमी मोजला जातो. सगळं मान्य, पण खाली पार्किंग आहे.

नवी वही आणलीय. काल रात्री जोराचा झाला. आज सकाळी साडेआठ, १८ मिमी.

मी झोपलो होतो, बायकोनं मोजला. @रानजाई, काही बोलू नका.